फायबरग्लास गाडीचा जुना रंग काढताना फुप्फुसे, त्वचा आणि घरातली मुले कशी सांभाळावी?

जुनी फायबरग्लास बॉडीची स्पोर्ट्स कार नव्याने रंगवायची असेल, तर आधी तिचा जुना रंग उतरवावा लागतो. काम दिसायला साधे आहे. रिमूव्हर लावायचा, खरवडायचे, घासायचे. पण या कामात तीन निरनिराळ्या गोष्टी शरीरात जाऊ शकतात: रिमूव्हरची वाफ, घासताना उडणारी धूळ आणि नंतर मारल्या जाणाऱ्या रंगातील हार्डनर.

यांचा त्रास बऱ्याचदा काम चालू असताना जाणवत नाही. तो संध्याकाळी, रात्री किंवा काही आठवड्यांनी दिसतो. मग डोकेदुखीला पित्त म्हटले जाते, रात्रीच्या खोकल्याचा दोष हवेला दिला जातो आणि खाजेला घामोळे समजले जाते. रुग्ण डॉक्टरांना कामाबद्दल सांगत नाही, डॉक्टरही विचारत नाहीत आणि खरे कारण तसेच चालू राहते. हा लेख हौसेने स्वतः गाडी घासणाऱ्यांसाठी, गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- मिथिलीन क्लोराईड असलेला रिमूव्हर फायबरग्लासवर वापरू नका. तो बॉडी खराब करतो आणि बंद जागेत जीवही घेऊ शकतो.
- कोरडे घासण्याऐवजी पाणी लावून हाताने घासा.
- कामाचे कपडे घरात आणू नका आणि मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.
- दोन भाग मिसळून मारायच्या रंगामुळे दमा होऊ शकतो. एन-९५ मास्क या रंगाची वाफ अडवत नाही.
- डॉक्टरांकडे गेल्यावर "मी गाडीचा रंग काढतो आहे" हे वाक्य आधी सांगा.

फायबरग्लास गाडी वेगळी का?

नेहमीच्या मोटारीची बॉडी पत्र्याची असते. फायबरग्लासमध्ये काचेचे बारीक तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवलेले असतात आणि वर जेलकोटचा थर असतो. अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ पासून अशा बॉडीची आहे. आपल्याकडे बंगळूरच्या सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी फायबरग्लासची होती. हौशी लोक अशा गाड्या आजही जपतात. खाडीतल्या फायबरच्या होड्या किंवा टेम्पोचे फायबरचे टप घासणाऱ्यांनाही पुढची सगळी माहिती लागू पडते.

पत्र्यावर चालणारा रिमूव्हर फायबरवर चालत नाही. तो रंगाबरोबर जेलकोट आणि रेझिनही मऊ करतो, आत मुरतो आणि नवा रंग मारल्यावर फोड आणतो. घासताना जेलकोट ओलांडला गेला, तर काचेचे तंतू उघडे पडतात आणि धुळीत मिसळतात. म्हणजे घाईची पद्धत गाडीलाही वाईट आणि माणसालाही.

जागेचाही प्रश्न असतो. बोनकोडे, कोपरखैरणे, घणसोली अशा गावठाणांत खाली गाळा आणि वर राहते घर असणे नेहमीचे आहे. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून शटर अर्धे ओढले जाते. पावसाळ्यात तर ते जवळजवळ बंदच असते. आतली वाफ बाहेर जात नाही. ती गाळ्यात साठते आणि जिन्याने वरही जाऊ शकते.

धोका पहिला: रिमूव्हरची वाफ

झपाट्याने काम करणाऱ्या अनेक पेंट रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड असते. डब्यावर ते डायक्लोरोमिथेन या नावानेही लिहिलेले असते. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात डबा उघडताच त्याची वाफ होऊ लागते. ही वाफ हवेपेक्षा जड असते. म्हणून ती जमिनीलगत, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात आणि गाडीच्या केबिनमध्ये साठून राहते. केबिनमध्ये डोके घालून डॅशबोर्डजवळचा रंग खरवडणारा माणूस तीच वाफ श्वासात घेत असतो.

शरीरात दोन गोष्टी घडतात. एक, ही वाफ भूल दिल्यासारखी मेंदूवर काम करते. आधी डोके हलके वाटते, मग गरगरते, मळमळते, झोप येते. प्रमाण जास्त असेल तर माणूस बेशुद्ध पडतो आणि श्वास थांबू शकतो. दोन, यकृतात तिचे काही प्रमाणात कार्बन मोनॉक्साईड बनते. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. मिथिलीन क्लोराईड चरबीत साठत असल्याने काम थांबवल्यावरही काही तास कार्बन मोनॉक्साईड तयार होत राहतो. म्हणून "बाहेर आला, बरे वाटले, झोपू द्या" हे धोक्याचे आहे.

दोन गोष्टी माणसाला फसवतात:

- वास: गोडसर वास येऊ लागतो तोपर्यंत हवेतले प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेले असू शकते. थोड्या वेळाने नाक सरावते आणि वास जाणवेनासा होतो.
- बोटाला लावायचा ऑक्सिमीटर: कोविडपासून तो अनेक घरांत आहे. पण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साईड यांतला फरक कळत नाही. रक्तात विषारी वायू असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. खरे प्रमाण कळण्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. तिला कार्बोक्सीहिमोग्लोबिन तपासणी म्हणतात.

हृदयविकार, अशक्तपणा म्हणजे ॲनिमिया किंवा दमा असलेल्यांनी आणि गर्भवतींनी या वाफेच्या आसपासही थांबू नये. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद असतील, तर कार्बन मोनॉक्साईडमुळे छातीत दुखणे किंवा हार्ट अटॅकही येऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन "माणसात बहुधा कर्करोगकारक" या गटात ठेवले आहे. युरोपीय संघाने २००९ च्या निर्णयाने ०.१ टक्क्यापेक्षा जास्त मिथिलीन क्लोराईड असलेल्या पेंट रिमूव्हरवर कडक निर्बंध आणले. अमेरिकेने २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना असा रिमूव्हर विकणे बंद केले. आपल्याकडे दुकानात डबा मिळतो आहे, एवढ्यावरून तो घरी वापरण्याजोगा आहे असे समजू नका.

साधे रबरी किंवा नायट्राईलचे हातमोजे या रसायनापुढे काही मिनिटेच टिकतात. ते मोज्यातून आत झिरपते आणि त्वचेला चिकटून भाजते. एन-९५ मास्क धुळीसाठी असतो, वाफ तो मुळीच अडवत नाही. काडतूस लावलेला मास्कही या वाफेपुढे लवकर निकामी होतो. शेजारी सिगारेट, शेगडी किंवा वेल्डिंग चालू असेल, तर ज्वाळेत ही वाफ फॉस्जीनसारख्या विषारी वायूत बदलू शकते.

धोका दुसरा: घासताना उडणारी धूळ

या धुळीत काय असते हे गाडीच्या वयावर आणि आधी किती वेळा रंग दिला आहे यावर अवलंबून असते.

काचेचे तंतू: हे त्वचेत टोचतात आणि मनगट, मान, कोपराची घडी, कंबरेचा पट्टा या जागी प्रचंड खाज आणतात. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. बॉडीत वापरले जाणारे तंतू जाड असल्याने ते बहुतेक नाक-घशातच अडकतात. त्यांना ॲस्बेस्टॉससारखे समजून घाबरण्याचे कारण नाही. पण त्यांच्याबरोबर रेझिन, पुट्टी आणि रंगाची अगदी बारीक धूळ असते आणि ती फुप्फुसात खोलवर जाते.

शिसे: जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि काही लाल रंगांत लेड क्रोमेट वापरलेले असू शकते. भारतात २०१६ च्या नियमांनुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहेत. मोटारीचा रंग त्यात येत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या रंगात शिसे आहे असेच धरून चाला.

मोठ्या माणसात शिशामुळे पोटात कळा येणे, बद्धकोष्ठता, थकवा, चिडचिड, रक्तदाब वाढणे, ॲनिमिया असे त्रास होतात. मुलांचा धोका जास्त गंभीर आहे. रांगणारे मूल जमिनीवरचे हात तोंडात घालते आणि पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शोषते. त्याचा परिणाम बुद्धीच्या वाढीवर, लक्ष देण्यावर आणि वागण्यावर होतो. सुरुवातीला बहुतेकदा एकही लक्षण दिसत नाही. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही. रक्तातील पातळी ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असेल, तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गुळाबद्दल: धुळीच्या कामानंतर गूळ खाल्ला की छाती साफ होते, असे अनेक कारागीर मानतात. गूळ जरूर खा, पण तो पोटात जातो, फुप्फुसात नाही. तो मास्कची जागा घेऊ शकत नाही. दुधाचेही तेच. लोह आणि कॅल्शियम पुरेसे असलेला आहार शिशाचे शोषण कमी करायला मदत करतो, पण धूळ थांबवत नाही.

धोका तिसरा: नव्या रंगातील हार्डनर

रंग काढून झाला की पुट्टी, प्रायमर आणि शेवटचा रंग येतो. चकचकीत, टिकाऊ रंग बहुधा दोन भागांत येतो, रंग आणि हार्डनर. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. स्प्रे गनने उडालेले त्यांचे तुषार श्वासात गेले, तर काही जणांच्या शरीराला त्यांची ॲलर्जी जडते आणि दमा सुरू होतो.

या दम्याची ओळख अशी:

- काम केलेल्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणे, शिट्टीसारखा आवाज.
- सुट्टीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर आराम.
- कामावर परतल्यावर पुन्हा तोच त्रास.

सुरुवातीचे काही आठवडे किंवा महिने काहीच होत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. एकदा ॲलर्जी जडली की नंतर अगदी थोड्या प्रमाणानेही तीव्र झटका येऊ शकतो. अशा वेळी पंप घेऊन तेच काम चालू ठेवणे हा उपाय नाही. हे रसायन जितक्या लवकर कायमचे टाळाल, तितकी फुप्फुसे पूर्ववत होण्याची शक्यता जास्त. असा रंग हवा पुरवणारा मास्क आणि धूर ओढून घेणारे पेंट बूथ असलेल्या ठिकाणीच मारून घ्यावा. गल्लीत किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये नव्हे.

फायबरची तूट भरताना रेझिनमध्ये घालायचा कॅटलिस्ट बहुधा एमईकेपी असतो. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. बाटली उघडण्यापूर्वीच गॉगल घाला आणि पाण्याची सोय हाताशी ठेवा.

मग रंग काढायचा कसा?

फायबरग्लाससाठी सर्वांत कमी धोक्याची पद्धत म्हणजे पाणी लावून वॉटर पेपरने हाताने घासणे. वेळ जास्त लागतो, पण धूळ उडत नाही आणि जेलकोट कुठे सुरू झाला ते डोळ्यांना दिसते.

१. गाडी उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशा जागी घ्या. घराच्या दारात, पाळण्याजवळ, पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी नको.

२. सुटलेले पापुद्रे प्लास्टिकच्या पट्टीने काढा. मग पृष्ठभाग सतत ओला ठेवून हलक्या हाताने घासा.

३. पाणी वापरताना विजेवर चालणारे सँडर लावू नका. शॉक बसेल.

४. खाली प्लास्टिक पसरून ओला गाळ गोळा करा. तो गटारात किंवा अंगणात सोडला, तर वाळून पुन्हा धूळ होतो. वाळू न देता पिशवीत बांधा आणि घरच्या कचऱ्यात न मिसळता घातक कचरा म्हणून महापालिकेच्या व्यवस्थेमार्फत द्या.

५. ओल्या घासणीतही चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, बाजूंनी बंद गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला. दाढी असेल तर मास्क नीट बसत नाही आणि कडेने धूळ आत जाते. रुमाल किंवा सर्जिकल मास्क पुरेसा नाही.

६. हीट गन किंवा ब्लो लॅम्प वापरू नका. रेझिन जळते आणि शिशाची वाफ होऊ शकते.

७. वाळूचा मारा करून रंग काढणे टाळा. त्याने फायबर खरवडले जाते आणि वाळूच्या बारीक धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा आजार होतो.

८. हात थिनरने धुऊ नका. थिनर त्वचेतून आत जातो आणि त्वचेचे तेल काढून तिला भेगा पाडतो. साबण आणि पाणी वापरा.

९. कामाच्या जागी चहा, तंबाखू, जेवण नको. शिसे हातावरून तोंडात जाते.

केमिकल लावल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर डब्यावर फायबरग्लाससाठी असे स्पष्ट लिहिलेले आणि मिथिलीन क्लोराईड नसलेलेच घ्या. लेबल नसलेला सुटा रिमूव्हर घेऊ नका. कॉस्टिक सोड्याचे मिश्रणही नको. त्याने त्वचा आणि डोळे खोलवर भाजतात.

घरच्यांनी काय करावे?

- काम करणाऱ्याने दाराबाहेरच चपला आणि कपडे बदलावेत. आंघोळ झाल्यावरच मुलाला उचलावे.
- कामाचे कपडे वेगळे धुवावेत. काचेचे तंतू मशीनमध्ये राहतात आणि पुढच्या कपड्यांत जातात. एका माणसाच्या कामाची खाज अशी घरभर पसरते.
- फरशी कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- घरात सहा वर्षांखालील मूल किंवा गर्भवती असेल आणि खाली किंवा शेजारी रंग घासला जात असेल, तर खिडक्या बंद ठेवा आणि शक्य असल्यास ते दिवस दुसरीकडे राहा.
- गाळेवाल्याशी भांडण न करता ओल्या घासणीचा आग्रह धरा. त्याच्या कामगारांनाही त्याचा फायदाच आहे.

त्रास झाला तर लगेच काय करावे?

काचेच्या तंतूंची खाज: चोळू नका, खाजवू नका. वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. टोचलेले तंतू चिकटपट्टी हलकेच लावून काढता येतात. तेल किंवा हळद चोळली तर तंतू आणखी आत जातात.

डोळ्यात रसायन गेले: पापणी उघडी धरून नळाच्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे धुवा. आधी धुवा, मग दवाखान्यात जा. गुलाबपाणी किंवा घरातले थेंब घालू नका.

त्वचेवर रिमूव्हर सांडला: मोजे आणि कपडे लगेच काढा आणि भरपूर पाण्याने धुवा.

वाफेने गरगरले: लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. काम तिथेच थांबवा. बरे वाटले तरी त्याच दिवशी रुग्णालयात तपासून घ्या. गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

कोणी आत बेशुद्ध पडला: धावत आत शिरू नका, नाहीतर दोघे पडाल. आधी शटर आणि खिडक्या पूर्ण उघडा आणि १०८ ला फोन करा. विजेचे बटण दाबू नका, काडी पेटवू नका. हवा खेळती झाल्यावर, दुसरा माणूस बाहेर उभा ठेवूनच त्याला ओढून काढा. श्वास चालत असेल तर कुशीवर वळवा. रुग्णालयात जाताना डबा किंवा लेबलचा फोटो बरोबर न्या. नवी दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक डॉक्टर आणि नागरिक दोघांसाठी आहे.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढीलपैकी काही असेल तर थांबू नका:

- कामानंतर डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखे वाटणे, छातीत दुखणे.
- रात्रीचा खोकला किंवा दम लागणे, विशेषतः सुट्टीत कमी होणारा.
- पोटात वारंवार कळा, बद्धकोष्ठता आणि थकवा.
- दोन-तीन दिवसांत न जाणारे पुरळ किंवा डोळ्यांची लाली.
- घरातले लहान मूल रंगाच्या धुळीच्या संपर्कात आले असेल, मग लक्षण असो वा नसो.

भेटीत पाच गोष्टी सांगा: कोणते काम करता, किती दिवसांपासून, कोणता डबा वापरता, जागा बंद की उघडी, आणि त्रास कोणत्या वेळी होतो. त्यानुसार रक्तातील शिसे, कार्बोक्सीहिमोग्लोबिन किंवा फुप्फुसांची क्षमता यांची तपासणी ठरते. दम्याची शंका असेल, तर कामाच्या आणि सुट्टीच्या दिवशी पीक फ्लो मीटरने नोंदी ठेवायला सांगितले जाते. शिशाची तपासणी शिरेतून घेतलेल्या रक्तावर करावी. केस किंवा नखे तपासून उपचार ठरवू नयेत. शिसे बाहेर काढणारी औषधे बाजारातून स्वतः आणून घेऊ नका. ती ठरावीक पातळीच्या वरच आणि देखरेखीखालीच दिली जातात.

गॅरेजमधील कामगाराचा ईएसआय विमा असेल, तर कामामुळे होणारे आजार त्यात येतात. त्यासाठी केसपेपरवर कामाची नोंद असणे गरजेचे आहे. ती डॉक्टरांना आवर्जून करायला सांगा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एकदाच, एका रविवारी घासले. घाबरावे का?
उघड्यावर थोडा वेळ काम केले असेल, तर बहुतेकांना खाज आणि घसा खवखवण्यापलीकडे काही होत नाही. मात्र बंद जागेत रिमूव्हर वापरला असेल किंवा घरात लहान मूल असेल, तर एकदाचा संपर्कही डॉक्टरांना सांगा.

पंखा लावला तर चालेल का?
पंखा वाफ आणि धूळ आतल्या आत फिरवतो. साध्या पंख्याच्या ठिणगीने थिनरची वाफ पेटूही शकते. हवा बाहेर जाईल अशी मोकळी जागा हवी.

दुचाकीचे हेल्मेट मास्क म्हणून चालेल का?
नाही. ते डोक्याचे रक्षण करते, श्वासाचे नाही.

गॅरेजला काम देताना काय विचारावे?
रंग ओला घासणार की कोरडा, रिमूव्हर कोणता, आणि शेवटचा रंग बूथमध्ये मारणार का. दर ठरवण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. ओल्या घासणीला दिवस जास्त लागतात, म्हणून मजुरीही जास्त पडेल. ती देण्याची तयारी ठेवा.